माणसाचा वास

॥ श्री ॥

मु. पो. खडकमाळवाडी, ता. पारनेर
६ जानेवारी २०२५

चि. ज्ञानेश्वरी हिस आबाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जिल्ह्याचं नाव जुनं लिहावं की नवं, यात माझी सकाळ गेली. पोस्टमन म्हणाला, आबा, काही लिहा, पिन कोड तेवढा नीट घाला. पण पुण्याच्या पोस्टमनला ते कळेल का, या काळजीने मी जिल्हाच लिहिला नाही. पत्र पोचलं नाही तर कळव.

तू म्हणतेस फोन करा. फोनवर तुझा आवाज मला डब्यातल्या भुंग्यासारखा येतो आणि कानातलं यंत्र शिट्टी मारतं. आजीच्या हातात फोन दिला तर आपलं बोलणं वेशीपर्यंत ऐकू जातं. त्यापेक्षा पत्र बरं. चौथीपर्यंत शिकलो ते म्हातारपणी कामाला आलं.

आता तुझ्या खेळाचं. नाताळात तू दिलेला बिनसिमचा मोबाईल मी उशीखाली ठेवतो. तुझ्या कंपनीने लांडग्याचा खेळ काढला आणि तो बरोबर आहे का हे माझ्यासारख्या मेंढरं राखलेल्या माणसाला विचारलं, याचं मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. माझ्या सांगण्यात चूक झाली तर तुझी नोकरी जाणार नाही ना? खेळात लांडगा मारला म्हणून तुझ्यावर वनखात्याची केस होणार नाही ना? साहेबांना विचारून ठेव.

लांडगा होऊन भूक भागवायचं मला जमतं. ससा कुठून दाबायचा हे मला शिकवायला नको. पाणीही सापडतं. पण शिकारी आले की संपलं. जीपचा उजेड पडतो, ठो होतं आणि पडदा लाल. छातीत धडधडतं, मग मी पाणी पितो आणि पुन्हा मरतो. आजी म्हणते, म्हाताऱ्याला ह्या वयात शेपूट फुटलं. सुनेला सांगत होती, आज तुझा सासरा जेवायच्या आधीच मेला, त्याचं ताट झाकून ठेव.

पण तुझे शिकारी चुकलेत. आपल्याकडे जीप घेऊन, हॅट घालून कोणी येत नाही. ज्याचं करडू गेलं तो येतो. पायात चपला, हातात कुऱ्हाड, मागे कुत्रं. बिळाच्या तोंडाशी मिरच्यांची धुरी देतो. आणि त्याला चेहरा असतो, बाई. तुझ्या शिकाऱ्यांची तोंडं नुसती काळी का?

दुसरं असं की तुझ्या खेळात वास नाही. लांडगीण डोळ्याआधी नाकाने बघते. बिळापाशी माणूस नुसता बसून गेला तरी तिला पुरतं. अंधार पडला की एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते, पुन्हा त्या बिळाचं तोंड बघत नाही. लहानपणी मी आणि शेजारच्या गोरक्षने हे डोळ्यांनी पाहिलंय.

खरं सांगू का, एक लांडगीण आत्ताही आपल्या माळावर व्याली आहे. पवनचक्क्यांच्या खाली बिरोबाची शिळा आहे ना, तिथून उगवतीला घळ लागते. घळीत तीन चपटे दगड एकावर एक आहेत, मागे तरवड माजलंय, त्याखाली बीळ. पिल्लं मला उन्हात दिसली, उंदरासारखी काळपट. मी गोरक्षलाही सांगितलं नाही. तुला सांगितलं कारण तू लांब आहेस. कोणाला सांगू नकोस.

थंडीत डोक्याला रुमाल बांधत जा. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तरी हरकत नाही.

तुझा आबा
कानिफनाथ


पुणे
१५ जानेवारी २०२५

ती. आबांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. जिल्हा नसताना पोचलं, तेव्हा त्या काळजीतून मोकळे व्हा. सोबत तिळगूळ आहे. आजीला दोन वड्या जास्त द्या आणि सांगा की आबा मेले तरी ताट वाढून ठेवायचं, ते परत जिवंत होतात.

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. म्हणजे शिकाऱ्यांचा भाग, घाबरू नका. साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, एवढे दिवस आपण सिनेमातले शिकारी काढत होतो. जीप गेली, हॅट गेली. आता माणूस पायी येतो, कुत्रं घेऊन येतो, धुरी देतो. मी स्वतः ते टप्पे बांधले. इतके अवघड झालेत की ऑफिसातलं कोणीही पहिल्या फटक्यात बिळापर्यंत पोचलेलं नाही. घळीच्या तोंडाशी शिकारी आडवे येतात आणि सगळे तिथेच मरतात.

चेहऱ्याचं मात्र साहेबांनी ऐकलं नाही. मलाही त्यांचं पटलं. आबा, लांडगिणीला गोरक्षबाबा कोण आणि दुसरा कोण हे कुठून कळणार? तिला माणूस दिसतो, तेवढं बास. म्हणून तोंडं काळीच ठेवली. वासाचं सगळ्यांना आवडलं, पण ते बसवायला वेळ लागेल.

आता आनंदाची बातमी. खेळातला जुना माळ खोटा वाटत होता, म्हणून मी आपला माळ घातला. पवनचक्क्या, बिरोबाची शिळा, उगवतीची घळ, तीन चपटे दगड, तरवड, सगळं तुमच्या पत्रावरून, होतं तिथे. साहेब म्हणाले, हा माळ पास झाला की तुला कायम करतो. तुम्ही कोणाला सांगू नकोस म्हणालात, मी अक्षरही बोलले नाही. फक्त काढलं.

नवी प्रत समर्थदादाच्या मोबाईलवर पाठवली आहे. तो सुप्याच्या कंपनीतून घरी आला की तुमच्या मोबाईलवर टाकून देईल. त्यालाही खेळायला सांगा, जितके खेळतील तितकं बरं.

पाय शेकत जा. तुमचा लोभ माझ्या हक्काचा आहे, तो कमी करू नका.

तुमची
ज्ञाना


खडकमाळवाडी
२३ जानेवारी २०२५

चि. ज्ञाना, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिळगूळ खाल्ला. गोड बोलायचे दिवस आहेत, पण गोड लिहिण्यासारखं काही नाही.

आधी इथली हकिकत. संक्रांतीनंतर दोन दिवसांनी लंकाबाईची, म्हणजे गोरक्षच्या बायकोची शेळी गेली. दुभती, कानाला पांढरा ठिपका असलेली. तुला लहानपणी जिचं दूध चालायचं तिच्या वंशातली. भर दुपारी लांडगिणीने बांधावरून उचलली. लंकाबाई मागे धावली, पडली, कोपर फुटलं. मी भेटायला गेलो तर ती रिकाम्या दाव्याकडे बघत बसली होती. मला म्हणाली, भावजी, तिची करडं रातभर वरडत्यात, त्यांना मी काय सांगू?

गोरक्ष रोज माळ पालथा घालतो. तुला तो माहीत आहे, मुंगीला पाय लागला तरी थांबणारा माणूस. पण आता त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की बीळ घावलं की पिल्लांसकट धुरी देणार. मला विचारलं, कान्या, तू तिकडं शेळ्या नेतूस, तुला काय दिसलं का? मी न्हाई म्हणालो. जन्मात पहिल्यांदा त्याला खोटं सांगितलं. माळ मोठा आहे, त्याला एवढ्यात सापडणार नाही, असा माझा हिशेब होता.

मग तुझा खेळ आला. समर्थने माझ्या मोबाईलवर टाकला आणि मी उघडला, तर बिरोबाची शिळा! शेंदूर सुद्धा त्याच बाजूला. पोरी, तू चित्र फार छान काढतेस. मला घाम फुटला.

समर्थने तो खेळ स्वतःपुरता ठेवला नाही. गावात पारावर बसणाऱ्या सगळ्यांच्या मोबाईलवर गेला आहे. सगळे ओरडतात, आरं, ही आपली शिळा, ह्या आपल्या पवनचक्क्या! समर्थ छाती फुगवून सांगतो, आमच्या ज्ञानाने आबाला इचारून केलंय, ह्यातलं सगळं खरं हाय. काल गोरक्ष पारावर उभा राहून बघत होता. त्याने हळूच विचारलं, समदं खरं, तर मग बीळ बी खरंच आसंल की. सगळे हसले. तो हसला नाही. समर्थच्या शेजारी जाऊन बसला.

आता असं झालं आहे, ज्ञाना. बीळ शेवटच्या टप्प्यात आहे आणि तिथवर अजून कोणी पोचलं नाही. घळीच्या तोंडाशी तुझे काळ्या तोंडाचे शिकारी आडवे येतात. समर्थ मरतो, पुन्हा सुरू करतो, पुन्हा मरतो. गोरक्ष शेजारी बसून आज तरी पोच की रं म्हणतो. मी लांबून बघतो. ज्या शिकाऱ्यांना मी महिनाभर शिव्या दिल्या, ते आता आडवे यावेत म्हणून बिरोबाला हात जोडतो. समर्थ मेला की मला जेवण जातं. आपल्याच नातवाचं असं वाईट चिंतावं लागतं.

तो रोज थोडा पुढे जातो. ते शिकारी आणखी कडक कर. कुत्री वाढव. नाहीतर ते बीळच काढून टाक. जे काही करायचं ते लवकर कर.

तुझ्या मायेवर भार टाकतो आहे, टाकू दे.

आबा


पुणे
२८ जानेवारी २०२५
स्पीड पोस्टाने

ती. आबांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र जिन्यातच फोडलं आणि तिथेच बसून राहिले. मी किती मूर्ख. न बोलणं म्हणजे न सांगणं असं मला वाटलं.

जे मोबाईलवर गेलं त्याला इथून हात लावता येत नाही. हा खेळ नेटशिवाय चालतो, तेच आमचं कौतुक होतं. नवी प्रत काढली तरी ती त्यांनी आपण होऊन टाकली पाहिजे. मी समर्थदादाला फोन केला आणि सांगितलं, त्यात चूक आहे, पुसून टाक. तो म्हणाला, चूक कसली, आता जमत आलंय, डाव्या बाजूच्या ओहोळातून गेलं की कुत्र्याला चकवता येतं. मग हसून म्हणाला, आबा खेळाबद्दल काय विचारलं की तोंड फिरवतात, त्यांना कुणी पुढं गेलेलं बघवत नाही. मी फोन ठेवला. जास्त बोलले असते तर त्याला संशय आला असता.

वनखात्याला कळवू का? लांडगा मारणं मोठा गुन्हा आहे. आणि शेळी गेल्याची भरपाई सरकारकडून मिळते, गोरक्षबाबांना तसं सांगून बघा. तुम्ही हो म्हणालात तर मी लगेच फोन करते.

साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर माळ काढून टाकावा लागेल, आणि माळ गेला तर माझं काय होईल ते मला माहीत आहे. हे लिहितानाही लाज वाटते. उत्तर लगेच पाठवा. एकटे तिकडे जाऊ नका.

माझ्यावर रागवा, पण परकी करू नका.

ज्ञाना


खडकमाळवाडी
१ फेब्रुवारी २०२५

चि. ज्ञाना, आशीर्वाद. वि. वि.

थोडक्यात लिहितो. पोस्टमन दारात उभा आहे, आजी त्याला चहा देऊन थांबवते आहे.

काल संध्याकाळी समर्थ पोचला. पारावर एवढा ओरडा झाला की मलासुद्धा ऐकू आला. मी गेलो तर पडद्यावर तीन चपटे दगड आणि मागे तरवड. गोरक्षने मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, ह्या दगडांवर बसून मी आन् कान्यानं हुरडा खाल्लाय. मग माझ्याकडे पाहिलं. मोबाईल परत दिला आणि घरी गेला. समर्थला सोमवारी सुट्टी आहे. सोमवारी सकाळी दोघे फावडी आणि मिरच्या घेऊन जाणार आहेत. हे समर्थनेच जेवताना सांगितलं.

भरपाईचं मी आधीच काढलं होतं. गोरक्ष म्हणाला, पंचनाम्याला शेळी दाखवावी लागती, आन् शेळी तर तिच्या पोटात हाय. वनखात्याला फोन करू नकोस. गाडी आली तर गोरक्षला नेतील. माणूस वाईट नाही, त्याचं नुकसान झालंय. लांडगीणही वाईट नाही. दोघेही वाचावेत असं काहीतरी पाहिजे, आणि ते माझ्या डोक्यात आहे, पण लिहायला भीती वाटते. माझं लिहिलेलं कुठे कुठे जातं हे आता कळलं आहे.

उद्या रविवारी मी माळावर जातो. आजीला सांगितलं आहे, सरपण आणायला चाललो. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून एक काटकी आणली न्हाई, आता काय डोंगर आणणार हायेस का?

पिल्लांच्या आईजवळ जायचं आहे. तिने फाडलं तर? गोरक्षने वाटेत पाहिलं तर? माझी रक्तदाबाची गोळी मी सोबत नेतो. तुझा मोबाईल उशीखाली आहे, चार्ज करून ठेवला आहे.

काही कमीजास्त झालं तर आजीला एकटं वाटू देऊ नकोस. तुझी आठवण सोबत नेतो.

आबा


खडकमाळवाडी
६ फेब्रुवारी

ज्ञानेश्वरीस गोरक्षबाबाचा आशीर्वाद.

मला लिवता येत न्हाई, सुनंकडून लिवून घेतोय. ती म्हणती शुद्ध लिवू का? मी म्हणलं, मी बोलतो तसं लिव, न्हाईतर पोरगी म्हणंल हा कोण सायेब.

पोरी, आमचा माळ मोबाईलात घातलास, लई हुशार झालीस. बिरोबाला तरी इचारलं हुतंस का?

आता तुझ्या आज्याचं ऐक. सोमवारी सकाळी मी आन् समर्थ घळीत गेलो. दगड तेच, तरवड तेच, बीळ बी तिथंच. पर आत काय न्हाई. मी हात घालून पाहिला, माती गार. बारीक केस हुतं, हाडं हुती. कालपातूर ती तिथं हुती आन् रातीत गेली. मला लगेच कळंना. मग तरवडाच्या खाली नजर गेली. बिळाच्या तोंडाम्होरं घोंगडी पसरलेली, तिच्यावर बिड्यांची थोटकं, सुपारीची फोडं. घोंगडीचा काठ मी वळखला. माझ्या आन् कान्याच्या घोंगड्या एकाच सणगरानं इनल्यात, एकाच दिशी घेतल्यात.

समर्थ म्हणाला, आबाची घोंगडी इथं कशी? मी म्हणलं, गप. त्या पोराला काय ठावं. मला ठावं हाय. बारकं आसताना आम्ही दोघं आसंच एका बिळाशी दिसभर बसलो हुतो आन् दुसऱ्या दिशी बीळ रिकामं. तवा मी रडलो हुतो, पिल्लं गेली म्हणून. कान्यानं मला समजावलं हुतं.

म्हंजी म्हातारा त्या लांडगिणीम्होरं सबंध दिस बसला. तिनं नरडं धरलं आसतं तर? ऐकाया येत न्हाई त्याला. ती मागनं आली आसती तरी ह्याला पत्ता नसता. आन् हे समदं कुणापासून लपवायला? माझ्यापासून. मी काय वाघ हाय का? कान्या, म्हणला आसतास, गोरक्ष, नगं मारू, तर मी काय केलं आसतं ते मलाच ठावं न्हाई, पर म्हणायचं तर हुतंस.

तो घोंगडीबिगर थंडीत घरी आला, तवापासनं तापानं पडलाय. आजी फोनवर तुला बरं हाय म्हणाली आसंल, ती खोटं बोलती. डाक्टर इंजेक्शन देऊन गेला. मी गेलो न्हाई बघायला. लंकाबाई जाती. परवा तुझ्या आजीनं तिच्या हातात एक करडू दिलं, म्हणली, म्हाताऱ्यानं तापात सांगितलंय, हे लंकाबाईचं. तिनं घेतलं. मी त्या करडाला हात लावला न्हाई.

घोंगडी माझ्याकडं हाय. द्यायची का न्हाई ते ठरलं न्हाई. तू येऊन जा. आमच्या दोघांत कुणीतरी बोलाया पाहिजे.

गोरक्ष


पुणे
१० फेब्रुवारी २०२५

ती. आबांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

गोरक्षबाबांचं पत्र आलं. म्हणून मग आजीला विचारलं, तर ती फोनवर रडली आणि मग मलाच रागावली, की म्हाताऱ्याला तू लांडगा केलंस. बरोबर आहे तिचं. ताप उतरला असं आज समर्थदादाने सांगितलं. त्याचा आवाज बदललाय. त्याने सगळ्यांच्या मोबाईलवरचा खेळ पुसायला लावला, मी न सांगता.

मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी माळ काढून टाकायला सांगितलं. शिळा गेली, घळ गेली, दगड गेले. आता कुठेच नसलेला माळ काढायला बसले आहे. कायम करण्याचं दिवाळीपर्यंत पुढे गेलं. मला त्याचं वाईट वाटलं, पण झोप लागली.

एक गोष्ट मात्र मी मागून घेतली. खेळात आता वास आहे. आणि एक नवा माणूस आहे. त्याच्या हातात काही नसतं. तो दिवसा येतो आणि बिळासमोर बसून राहतो. लांडगीण झालेल्याला वाटतं, सगळ्यांत वाईट शिकारी हाच. गोळी चुकवता येते, कुत्रं चकवता येतं, याचं काय करायचं? पिल्लं उचलून जावंच लागतं. दुसऱ्या दिवशी धुरी देणारे येतात, तेव्हा कळतं. त्याला तेवढा चेहरा काढू का? साहेब हो म्हणाले आहेत.

आबा, ती कुठे गेली असेल? पिल्लं सगळी नेली असतील ना? मी शिवरात्रीला येते. तेवढं कळवा, जीव अडकलाय.

तुमच्या मायेला मी पात्र नाही, तरी मागते.

ज्ञाना


खडकमाळवाडी
२० फेब्रुवारी २०२५

चि. ज्ञाना, आबाचे आशीर्वाद. वि. वि.

आता बरा आहे. आजी मला कुरडईसारखं उन्हात ठेवते आणि उचलते. लसणाचा वास असलेलं काहीतरी पाजते आणि म्हणते, सरपण कुठं ठेवलंस ते तरी सांग.

तू त्या माणसाच्या चेहऱ्याचं विचारलंस म्हणून त्या दिवसाचं लिहितो, मग पुन्हा कधी लिहिणार नाही. मी बिळासमोर घोंगडी टाकून बसलो. आत पिल्लं कुईकुई करत असतील, मला ऐकू आलं नाही. कानातलं यंत्र शिट्टी मारायचं, म्हणून काढून खिशात ठेवलं होतं. बिड्या ओढल्या, सोडल्या होत्या तरी ओढल्या. खोकलो, थुंकलो, दगडांना हात घासले. ती दुपारी आली. समोरच्या धारेवर उभी राहिली. फार मोठी नव्हती गं. उन्हाने केस विटलेले, पोट खपाटीला, पिल्लांना पाजणारी. हलली नाही. गोळी घ्यायला डबी उघडली तर सगळ्या गोळ्या मातीत सांडल्या.

मला तिला सांगावंसं वाटत होतं की बाई, मी त्यातला नाही. मी तुझा खेळ खेळलोय, तुझ्यासारखा कितीदा मेलोय. पण तिला ते कळलं असतं तर ती तिथेच राहिली असती, आणि मग सोमवार उजाडला असता. तिने मला त्यातलाच समजावं, एवढंच माझं काम होतं. म्हणून मी उठून उभा राहिलो, काठी उगारली आणि घसा फाडून ओरडलो. ती एकदम मागे सरली. तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं आजवर मला कोणी पाहिलं नव्हतं. उन्हं कलली तसा घोंगडी तिथेच टाकून निघालो.

तर त्या माणसाला चेहरा काढू नकोस. काळाच राहू दे.

आता गोरक्षचं. परवा तो घोंगडी घेऊन आला. अंगणात माझ्या बाजेवर टाकली आणि लांब जाऊन बसला. आजीने चहा दिला तो प्यायला. मग म्हणाला, ठेवणार हुतो ही माझ्याकडं. पर ती रांड जाताना हिच्यावर मुतून गेलीया. गोठ्यात टांगली तर माझ्या शेळ्या रातभर दावी तोडत्यात. तुझी तुला घे. आजी एवढी हसली की पदराने डोळे पुसायला लागली. मी हसलो. तो हसला नाही, पण कप आत देताना म्हणाला, लंकाबाईनं त्या करडाचं नाव ठेवलंय, कानी. तुझ्यावरून. लई वरडतं.

घोंगडी आजीने ओढ्यावर धुऊन आणली आहे. वास काही गेला नाही.

काल पहिल्यांदा शेळ्या घेऊन बाहेर पडलो. गोरक्षही मागून आपल्या घेऊन आला, जणू वाट तीच होती म्हणून. एका ओढ्यापाशी उतरलो. कुठला ते विचारू नकोस. तुझ्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे, पहिल्या पत्रात जागा लिहिणारा मीच होतो. ओढ्यातल्या ओल्या वाळूवर पाऊलठसे होते. एक मोठी ओळ आणि तिच्या मागे, तिच्याभोवती, आडवीतिडवी धावलेली बारीक पावलं. किती ते मोजता येत नव्हतं, इतकी ती हुंदडलेली होती. ताजी होती, कडा ढासळल्या नव्हत्या.

मी गोरक्षकडे पाहिलं. त्याने माझ्याआधी पाहिली होती. कुऱ्हाड त्याच्या खांद्यावर होती. तो वाकला, बारक्या पावलांजवळ चार बोटं टेकवली, ओढ्याच्या वरच्या अंगाला पाहिलं, खालच्या अंगाला पाहिलं. मग उठला, तोंडाने हुर्र हुर्र केलं आणि आपल्या सगळ्या शेळ्या त्या वाळूतून हाकल्या. एकदा खाली, एकदा वर. वाळूवर खुरांशिवाय काही उरलं नाही. मला म्हणाला, बघत काय बसलास कान्या, तुझ्या बी हाण की.

मीही हाणल्या.

शिवरात्रीला ये. आल्यावर उशीखालचा मोबाईल परत मागू नकोस, तो आता गोरक्ष खेळायला मागणार आहे. घरावर आणि त्या तिकडच्यांवर तुझी माया असू दे.

तुझा आबा
कानिफनाथ